आल्बिनामावशींच्या डब्यातला निळा कागद

१९७९ साली वसईच्या आल्बिनामावशींनी कुवेतच्या फ्रेडरिकला, म्हणजे मुलाला, डबाभर सुकेळी पाठवली. डबा पोचला तेव्हा केळ्यांना दाढी आली होती. ‘बाय, बुरशी छान होती,’ असं त्यानं आईला कळवलं. मावशी आठवडाभर कुणाशी नीट बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी शेजारच्या सालोमी टीचर रसायनशास्त्र घेऊन मदतीला आल्या. त्यांनी कोबाल्ट क्लोराइडचा कागद आणला. कोरड्यात निळा, ओलाव्यात गुलाबी.

“गुलाबी खड्यात पाण्याचे सहा रेणू,” टीचर म्हणाल्या, “त्यातले चारच कोबाल्टला धरून असतात. दोन नुसते घरात बसून.”

मावशींनी ओट्यावर बसलेल्या नवऱ्याकडे, फेबियनकाकांकडे पाहिलं.

“तापवलं की सगळं पाणी जातं, मग कोबाल्टभोवती नुसते क्लोरीन. रंग निळा.”

“आणि पाणी परत आलं की?” मावशींनी विचारलं.

“परत गुलाबी. राग नाही, रुसवा नाही.”

काका पहिल्यांदाच आदरानं म्हणाले, “संत माणूस दिसतो.”

आठ दिवस उन्हात वाळलेली सुकेळी डब्यात गेली. झाकणाखाली, केळ्यांना लागणार नाही अशा जाळीच्या पुरचुंडीत, निळा कागद. दुपारी डबा न्यायला गावातला सॅन्टन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं कुवेतचं विमान. टीचरनी शेवटचं म्हणून झाकण उघडलं.

कागद गुलाबी!

“गेली माझी सुकेळी!” मावशी ओरडल्या.

टीचरनी एक सुकेळं मोडलं. आत खडखडीत. “केळी कोरडी आहेत. पण कागद खोटं बोलत नाही. पाणी आलंय. कुठून?”

काका घरातल्या आल्तारावर, क्रूसापुढे ठेवलेल्या बाटलीकडे बघू लागले.

“पाचच थेंब,” मावशी पुटपुटल्या. “पवित्र पाणी. एवढ्या लांब निघालेल्या डब्यात शिंपडायचं नाही?”

“पवित्र असलं तरी पाणीच, मावशी!”

डबा पुसला, सुकेळी संध्याकाळपर्यंत पुन्हा उन्हात घातली. टीचरनी कागद गरम तव्याजवळ धरला. तो निमूट निळा झाला. उरलेलं पवित्र पाणी सॅन्टनच्या डोक्यावर गेलं. त्याला बुरशी येण्याची भीती नव्हती.

महिन्यानं पत्र आलं. ‘बाय, सुकेळी दोन दिवसांत संपली. तुझा कागद इथे निळाच निघाला, परत पाठवतोय.’

पाकिटातून कागद निघाला तो फिकट गुलाबी.

“वसईची दमट हवा लागली त्याला,” टीचर म्हणाल्या.

मावशींनी चूल पेटवली, तवा ठेवला आणि चिमट्यानं कागद वर धरला. निळा झाल्यावरही बराच वेळ त्या बघत राहिल्या.

“फ्रेडरिकनं डबा उघडला तेव्हा असाच होता ना गं?”

“अस्साच, मावशी.”