पाचवा बाण

चिंजू शहरात पहाटे लोळत पडायला माणूस एकतर आजारी हवा, नाहीतर पक्का आळशी. नदीकाठी सायकली, पुलाखाली बायकांची कवायत, टेकडीवर बॅडमिंटन, सगळं गाव घाम गाळायला बाहेर! टेकडीच्या पलीकडच्या उतारावर तिरंदाजीचं मैदान. निवृत्त बसचालक बोंगशिक वीस वर्षं तिथे नेमानं यायचा.

एका फेरीत पाच बाण. पाचही लागले की माणूस ‘जोपजांग’ होतो, आणि मग म्हातारेकोतारेसुद्धा त्याला याच मानाच्या नावानं हाक मारतात. बोंगशिकचे चार लागायचे, पाचवा हमखास धुळीत. “मी जोपजांग झालो की अख्खं डुक्कर शिजवून घालीन,” असं तो पहिल्याच वर्षी बोलून बसला होता.

“दादा, ते डुक्कर एव्हाना म्हातारपणानं मेलं असेल हो!” मैदानाचा प्रमुख कू चिडवायचा. बोंगशिक हसायचा, पण आतून जळायचा.

बायकोला, दूइमला, गेल्या वसंतात त्यानंच ओढून आणलं होतं. “दुकान बंद केलंस, आता घरी बसून काय भिंती मोजणार?” शेवयांचं पीठ मळण्यात तिचा जन्म गेलेला, धनुष्य तिला लगेच वश झालं. नवख्यानं जुन्यांचे बाण वेचून आणायचे, हा तिथला शिरस्ता. त्यामुळे नवऱ्याचे बाण तीच आणायची. “अहो, तुमचा पाचवा आजही गवतात झोपला होता,” म्हणून त्याच्या हातात ठेवायची.

आणि आज दूइमचे चार लागले होते.

मैदानावर चिडीचूप. बाण सुटेपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही, हा कडक नियम. साधं खोकलं तरी डोळे वटारणारा बोंगशिकच. चुकू दे, देवा, एवढा एक चुकू दे, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

दूइमनं धनुष्य उचललं. खांदे सैल, पाय घट्ट, चेहऱ्यावर घाई म्हणून नाही. काय सुरेख उभी होती बाई! इतकी वर्षं आपण निशाणाकडे बघत होतो, असं उभं राहायला कधी शिकलोच नाही, हे त्याला तिच्याकडे बघताना कळलं. आता त्याला तो बाण लागायलाच हवा होता.

बाण सुटला.

“लागला!” निशाणावरचा दिवा पेटायच्या आत बोंगशिक ओरडला. मग लांबून ‘टक्’ ऐकू आलं, दिवा पेटला, आणि एकच गलका झाला.

“नियम मोडलात, दादा!” कू हसत म्हणाला.

“मोडला, जा! काय करायचं ते कर!”

दूइम भांबावली होती. काही सुचेना, तेव्हा ती सवयीनं बाण वेचायला निघाली. बोंगशिकनं तिला अडवलं.

“थांबा, जोपजांग. बाण मी आणतो.”

“अहो, भलतंच काय! तुमचे गुडघे...”

“गुडघे गेले खड्ड्यात. कू, डुक्कर सांगून टाक. माझ्याकडून.”

तो उतार उतरून निशाणापाशी गेला. निशाणाच्या लाकडी फळीवर आपटून पाचही बाण तिच्या पायथ्याशी पडले होते. बाणांवरचे आकडे बघून पाचवा त्यानं सगळ्यात शेवटी उचलला, सदऱ्याला पुसला, आणि वर उभ्या असलेल्या बायकोला दिसेल असा उंच धरला.