रागावणारी मिठाई

माझे सासरे तोकुजिरो म्हणजे डोक्यात राख घालायला सदा तयार. पण चेस्टनटची वडी अशी करतात, की खाणारा गप्पच होतो! फक्त ती विटेएवढी, अखंड. आमच्या युनोसावाच्या गरम झऱ्यांत डुंबून परतणारा माणूस कचेरीतल्या सगळ्यांसाठी खाऊ नेणारच, न नेऊन सांगतो कुणाला! तरी स्टेशनवर बायका आमची वीट उचलायच्या आणि परत ठेवायच्या. "आमच्या कचेरीत चौदा टेबलं आहेत हो," एक म्हणाली, "सुरी घेऊन कुठे फिरू?"

स्टेशनवरच्या दुकानाच्या हामागुचीबाईंनी बजावलं, "महिनाअखेर खप दिसला नाही, तर फळी दुसऱ्याला देणार." त्या एका फळीवर आमचं दुकान तगून होतं.

"बाबा, एकेक वडी वेगळी बांधू या."

"कापली की सुकते, सूनबाई! पन्नास वर्षं काय झक मारली मी?"

"मग छोट्या साच्यात घाला. लोकांना वाटायला सोपं पाहिजे!"

धुसफुसत त्यांनी घातल्या. पण सगळा राग ब्रशने वड्या गुंडाळायच्या कागदांवर काढला. ‘गिळू नका, चावा.’ ‘गार चहाबरोबर खाल तर याद राखा.’ ‘साहेब असलात तरी एकच मिळेल.’ मी बघितलं तेव्हा पाचही डबे भरून झाले होते आणि स्टेशनवर गिऱ्हाइकांची गाडी यायची वेळ झाली होती. मीही चिडले. म्हटलं, जाऊ देत अश्शाच!

मंगळवारी हामागुचीबाईंचा फोन आला. म्हटलं, गेली फळी.

"अगं, कचेऱ्यांतून विचारणा होतेय! ‘मला ही बोलणी बसली, तुला कुठली?’ म्हणून लोक कागद एकमेकांना दाखवत हसतायत, फोटो पाठवतायत. फळी तुमचीच. वीस डबे दे, पण बोलणी नवी हं!"

मी आनंदाने ओरडलेच. बाबा ब्रश घेऊन बसले. तासभर कागद कोराच.

"च्यायला, रागच येत नाहीये!"

"आज साखर मी अंदाजानेच टाकली," मी थाप मारली.

"काय? अक्कल गहाण टाकलीस?"

"लिहा, लिहा, हेच लिहा!"

दिवसभर मी त्यांना छळलं आणि ते लिहीत गेले. संध्याकाळी मी शेवटचा डबा बांधत होते, तेवढ्यात त्यांनी एक वडी माझ्यापुढे सरकवली. कागदावर होतं, ‘सूनबाई, उभ्याने खाऊ नकोस. बस जरा.’

अकरा वर्षांत या घरात मला ‘बस’ असं कुणी म्हटलं नव्हतं. मी बसले, आणि ती वडी न गिळता, सावकाश चावून खाल्ली.