गाडी वळायला जागा

आई गेली तेव्हा धाकटीचं नगररचनेचं शेवटचं वर्ष चालू होतं. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. वर एक ताई होती, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, आणि बाबा होते, औषधांच्या दुकानात उभं आयुष्य काढून नुकतेच घरी बसलेले.

हा विषय तिने घेतला तेव्हा घरात कुणाला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. शेजारीण विचारी, "म्हणजे इंजिनियर होणार का?" नाही. "मग घरांचे नकाशे काढणार?" तेही नाही. अशा वेळी आई मध्ये पडे. "अहो, घर बांधणारे बांधतात. ते कुठे बांधायचं आणि कुठे नाही, हे आमची धाकटी सांगणार!" आणि सगळं शहर लेकीच्या नावावर असल्यासारखी चहाचं आधण ठेवायला वळे. धाकटी लाजून चूर होई. खरं तर प्रवेश मिळाला म्हणून तिने हा विषय घेतला होता. गोडी नंतर लागली. एखाद्या गल्लीत उन्हाळ्यात पाणी का येत नाही, शाळा नेमकी हमरस्त्यावरच का उघडते, याची कारणं नकाशावर सापडतात हे कळलं आणि ती त्यात पार बुडून गेली.

मग आईचं दुखणं निघालं. इस्पितळाच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि फार चालल्याही नाहीत. आई गेली.

ताईने रडून घर डोक्यावर घेतलं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. धाकटीच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. आलेल्यांना तिने पाणी दिलं, खुर्च्या मागवल्या, आईच्या गोळ्यांची पाकिटं दुकानात परत करून आली. तिला वाटलं, आज नाही तर उद्या रडू येईल. उद्याही आलं नाही. दातांच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल कसा आपला असून आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं.

ती विद्यापीठात परतली तेव्हा वर्गाला एक वाढतं गाव नेमून दिलेलं होतं. त्याचा पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा करायचा होता. कामांची वाटणी ती नसतानाच उरकली होती. रस्ते, पाणी, घरं, शाळा, कचरा सगळं गेलं होतं. फळ्यावर तिच्या नावासमोर जे उरलं होतं ते कुणीतरी अर्धवट पुसलं होतं, तरी वाचता येत होतं: स्मशानभूमी.

मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. बाई एरवी नकाशावर उत्तर दिशा दाखवायची राहिली तरी वर्गाबाहेर काढणाऱ्या. आज त्यांनी खुर्ची पुढे ओढून दिली.

"हे तुझ्या वाट्याला यायला नको होतं. मी बदलून देते."

"कुणाला देणार? सगळ्यांचं वाटून झालंय."

"लंबूकडे कचऱ्याचं आहे. त्यातच तो तेही—"

"कचऱ्यात नको," धाकटी म्हणाली. "मी करते."

लंबू म्हणजे तिच्या गटातला उंच मुलगा. दार कुठलंही असो, तो वाकूनच आत यायचा. त्या दिवसापासून तो तिच्याशी इतका जपून बोलू लागला की तिला त्याचीच दया आली. एकदा छपाईचं यंत्र अडकलं आणि दुपारभर खपून रंगवलेला नकाशा आत चुरगळला. लंबू कपाळावर हात मारून ओरडला, "गेला मसणात नकाशा!" आणि तसाच थिजला. सगळ्या वर्गाने माना खाली घातल्या.

"तिथेच तर चाललाय," धाकटी म्हणाली.

क्षणभर कुणाला कळेना की हसावं की नाही. मग लंबूच फिस्सकन हसला आणि सगळे सुटले. धाकटीने यंत्राचं झाकण उघडून कागद बाहेर ओढला.

काम ती नेटाने करत होती. गावच्या स्मशानाची जुनी जागा तिने पाहिली. कधीकाळी वेशीबाहेर असलेली ती आता चारी बाजूंनी इमारतींनी वेढली होती आणि कुंपणाला लागून कुणीतरी कपडे वाळत घातले होते. लोक वाढणार तसं मरणही वाढणार, म्हणजे नवी जागा हवीच. वारा कुठून वाहतो, ओढ्याचं पाणी कुठवर चढतं, विहिरी किती लांब आहेत, हे सगळं पाहून तिने दोन-तीन जागा काढल्या आणि लोकांशी बोलायला दारोदार फिरली.

जागा हवी यावर गावाचं एकमत होतं. ती कुठे नको, यावरही होतं. "लागणार तर आहेच हो," एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "मलाच पहिल्यांदा लागेल! पण इथे नको. त्या कालव्यापलीकडे बघा ना." कालव्यापलीकडच्या बाईंनी तिला शिक्षकांच्या घराकडे बोट दाखवलं. धाकटी दोघांचंही म्हणणं लिहून घेत होती. कुणी आवाज चढवला तरी तिचा श्वास वर-खाली होत नसे. लंबू म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तर एव्हाना भांडलो असतो." ती म्हणाली, "मला भांडायला काही येतच नाहीये आतून."

एका सुट्टीला ताई घरी आली. दिवाणखान्यात नकाशा पसरलेला, चार कोपऱ्यांवर चार भांडी ठेवलेली. घरांना पिवळा रंग होता, बागांना हिरवा आणि एका तुकड्यावर बारीक तिरक्या रेघा.

"हे काय?"

धाकटीने सांगितलं.

ताईचा चेहरा लालबुंद झाला. "आईला जाऊन किती दिवस झाले गं? आणि तू तिच्याच घरात बसून हे रंगवतेस? तुला काही वाटतं की नाही?"

धाकटीने उत्तर द्यायच्या आधी खरोखर विचार केला. "माहीत नाही, ताई."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे शोधतेय. सापडत नाहीये."

ताई पाय आपटत स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आदळू लागली. बाबा बाहेर आले आणि नकाशाला वळसा घालून खिडकीपाशी बसले.

परीक्षेच्या दिवशी आराखडे भिंतीवर लागले. बाहेरून आलेले परीक्षक मोठ्या शहराच्या नगररचना खात्यातून निवृत्त झालेले होते. आवाज मऊ होता, पण नेमकं उत्तर मिळेपर्यंत प्रश्न सोडत नसत. लंबूचं त्यांनी घामटं काढलं. मग धाकटीच्या रेघांवर बोट ठेवलं.

"नियमाने लागते त्यापेक्षा ही जागा मोठी आहे. का?"

"पुढची मोकळी जागा धरलीय, सर."

"कशासाठी?"

"गाडी वळायला."

"हे नियमात आहे?"

"नाही." ती नकाशाकडे पाहूनच बोलत होती, जणू पाण्याच्या टाकीची क्षमता सांगतेय. "जागेपर्यंत रस्ता असतो, पण तो तिथेच संपतो. शववाहिनीला वळता येत नाही. मग ती आधीच थांबते आणि उरलेलं अंतर चालावं लागतं. म्हातारी माणसं मागे पडतात. आत बसायला काही नसतं. ज्यांचं माणूस गेलेलं असतं ते नळाला धरून उभे राहतात, कारण धरण्यासारखं तेवढंच असतं. बायकांना जायला संडास नसतो. त्या घरी पोहोचेपर्यंत थांबतात. म्हणून इथे ओटा आणि सावली, इथे संडास आणि हा वळसा."

"पाहणीत लोकांनी सांगितलं हे?"

"नाही. लोक ते बोलत नाहीत. हे आमच्या इथलं आहे. माझ्या आईच्या वेळचं."

खोलीत कुणाच्या तरी हातातली पट्टी खाली पडली. मॅडम खिडकीबाहेर पाहू लागल्या. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ठीक," ते म्हणाले. "आता मला सांग, ओढ्याची पूररेषा तू कुठल्या वर्षाची धरलीस?"

या प्रश्नासाठी धाकटीला त्यांचे पाय धरावेसे वाटले. तिने वर्ष सांगितलं, पुराचं कारण सांगितलं आणि तिचा आवाज पहिल्यासारखाच सपाट राहिला. पण बाहेर आल्यावर तिला कडकडून भूक लागली. कितीतरी दिवसांत तिने भूक म्हणून काही खाल्लं नव्हतं. लंबूने आणलेला पाव तिने संपवला आणि मग त्याच्या हातातलाही घेतला.

वर्गाचा अहवाल त्या गावच्या नगरपालिकेत गेला. सांडपाण्याचा भाग त्यांना आवडला म्हणे. स्मशानाच्या जागेवर हरकती आल्या, सुनावणी झाली, आणि तो विषय तहकूब झाला तो झालाच. धाकटीला वाईट वाटायला हवं होतं. तिने ती बातमी फक्त ऐकून घेतली.

उन्हाळा संपता संपता तिला नोकरी लागली, दूरच्या एका शहरात, प्रादेशिक आराखड्याच्या कार्यालयात. बाबा म्हणाले, "जा. मी काही कुक्कुलं बाळ नाही." खोली लावून द्यायला ताई सोबत आली. दोघींनी फरशी पुसली, पडदा टांगला, तो पडला, पुन्हा टांगला. घामाघूम होऊन दोघी भिंतीला टेकून बसल्या.

"मला तुझा राग यायचा," ताई एकदम म्हणाली. "मी रडत बसायचे आणि कामं सगळी तू करायचीस. स्मशानात बाबांना धरून तू उभी होतीस. मला ते त्या दिवशी दिसलंसुद्धा नाही."

"तू रडलीस ते बरं झालं. कुणीतरी रडायला हवं होतं."

"तू अजून नाही?"

"अजून नाही."

ताईने तिच्या केसांत अडकलेली जळमटं काढली आणि मग तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

संध्याकाळी तिने ताईला बसमध्ये बसवून दिलं. परतताना ती एका वळणावर उजवीकडे वळली, मग डावीकडे, आणि पाहते तर समोर लाकडाची वखार. मागे आली तर भलताच रस्ता. शेवटी कोपऱ्यावरच्या टायरवाल्याला विचारावं लागलं.

"नवीन आलात का?" त्याने विचारलं. "काय करता?"

"नगररचना खात्यात आहे."

टायरवाला तिच्याकडे बघतच राहिला. "आणि रस्ता मला विचारताय?"

धाकटीला हसू फुटलं. इतकं की तिने दुकानाच्या खांबाला हात टेकला. हसता हसता कधी गालांवरून पाणी वाहू लागलं ते तिचं तिलाच कळलं नाही. टायरवाला गोंधळला, त्याने स्टूल पुढे सरकवलं. ती बसली. फार रडली असं नाही, थोडंच. पण खरं.

मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "हां, सांगा आता. इथून कसं जायचं?"