शाळेमागचं मैदान

प्रेमकुंवरला खो-खो मी शिकवला, हे मी त्या आठवड्यात दोंडाईच्यातल्या निम्म्या लोकांना सांगितलं असेल.

आमच्या खेळाच्या सुनंदाबाई आजारी पडल्या. "सुगंधा, धुळ्याच्या सामन्यापर्यंत संघ तू बघ," म्हणाल्या. झालं, मी हवेतच! त्यात ही नवी मुलगी. मारवाडातून लग्न होऊन आलेली, भंवरलाल शेठजींची सून. मराठी शिकावं म्हणून सासऱ्यानेच तिला शाळेत घातलेलं. तिला आमचं काही कळेना, मला तिचं. मी खडे मांडले, काडीने रेघा ओढल्या, तिचा हात धरून पळाले. चार दिवसांत ती अशी पळायला लागली की पाहत राहावं!

फक्त एक. ती 'खो' म्हणेना. पाठीवर थाप द्यायची, पण तोंड बंद. सामन्यात मोठ्याने खो म्हटला नाही तर फाऊल. मी तिच्या भाषेतले दोन शब्द शिकून आले, "जोर सूं बोल!" ती खाली बघायची.

शुक्रवारी माझं डोकं फिरलं.

"मुकी शे का वं तू?" मी सगळ्यांसमोर ओरडले. मग ओठ दाबून, मान खाली घालून तिच्यासारखी चालून दाखवली. पोरी पोट धरून हसल्या. हसल्या म्हणून मी आणखी चालले. "आता दहा वेळा म्हण. त्याशिवाय घरी सोडणार नाही."

ती एकदाच म्हणाली, "खो!" केवढा आवाज! रस्त्यापलीकडच्या दुकानात तराजू धरलेला हात थांबला. मी टाळ्या पिटल्या.

शनिवारी ती आली नाही. सोमवारीही नाही. मी सुनंदाबाईंकडे गेले, तेही फुशारकी मारायलाच.

"बाई, मी तिला बोलतं केलं!"

"कुठं?"

"मैदानावर."

बाई उठून बसल्या. "समोर दुकान कुणाचं गं?"

शेठजींचं.

"अगं, त्यांच्यात सुनेचा आवाज सासऱ्याच्या कानावर पडू देत नाहीत. घरात ती सासूशीसुद्धा बोटांनी बोलते. आणि तू तिला त्यांच्या दारात ओरडायला लावलंस?"

म्हणजे खो म्हणायचा असतो, हे तिला कळत होतं. पहिल्या दिवसापासून. कळत नव्हतं ते मला.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. सासू पानबाई पापड वाळत घालत होत्या. प्रेमकुंवर त्यांच्यामागे, पदर हनुवटीपर्यंत. मी "चुकलं माझं" एवढंच म्हणाले. एरवी माझं तोंड मिटत नाही.

बाहेर कुणीतरी खाकरलं. प्रेमकुंवर झटकन आत गेली. मग शेठजी ओसरीवर आले.

"पोरी," ते चांगल्या मराठीत म्हणाले, "तिला तू काय म्हणालीस, ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. तिच्या आवाजाचं मी मनावर घेतलं नाही. पण तीन दिवस तिनं सासूशी बोटंसुद्धा हलवली नाहीत."

माझे कान तापले. "आबा, आम्ही खांब शाळेच्या मागं नेले तर? तिथून इकडं ऐकू येत नाही."

"मला काय विचारतेस? तिला विचार."

ते निघून गेले. मी दाराच्या फटीसमोर उभी राहून हातांनी खांब दाखवले, शाळेची मागची भिंत दाखवली, मग स्वतःचे कान धरले.

शाळेमागे सगळे बाभळीचे काटे. मंगळवारी ते एकटीने वेचले. पोरी विचारत होत्या, "सुगे, हे काय नवीन?" शुक्रवारी मी तिला कुणाच्या दारात ओरडायला लावलं, ते मी त्यांना सांगितलं. त्याही हसल्या होत्या. खांब त्यांनीच उचलले.

बुधवारी खेळ सुरू झाला. मी ओळीत बसले होते, मागचं दिसत नव्हतं. कुणीतरी उशिरा आलं, ते मला पावलांवरून कळलं. थोड्या वेळाने माझ्या पाठीवर हलकी थाप पडली.

"खो."

अगदी हळू. माझ्यापुरता. नियमाने तो फाऊल होता.

मी मागे वळून बघितलं नाही. उठले आणि मान खाली घालून पळत सुटले.