घाम पुसायची गिरकी

हिनोकुची गावच्या कलाकेंद्राला पन्नास वर्षं होणार म्हणून सगळं गाव खुशीत होतं, आणि तोकिएचा मात्र जळफळाट चालला होता. तो काही आजचा नव्हता.

कारण एकच, यासुनो. शेजारीण, एकाच वर्षी लग्न होऊन या खोऱ्यात आलेली मैत्रीण, आणि केंद्रातल्या नाचाच्या वर्गाची 'सेन्सेई', म्हणजे गुरुबाई. लोक तिला भाजीच्या दुकानातसुद्धा वाकून नमस्कार करत, सेन्सेई पुढे, सेन्सेई मागे. तो मान खरा कुणाचा? तोकिएचा!

केंद्र म्हणजे पूर्वीची रेशमाच्या कोशांची वखार. रेशमाचा धंदा बसला, वखार ओस पडली, तेव्हा गावानं ठरवलं की गाणं, नाच, सुलेखन, म्हाताऱ्यांचे पटावरचे डाव, सगळं इथंच एका छपराखाली आणायचं. वखारीला नवा पाया हवा होता. घरटी एक माणूस रांगेत उभं राहिलं आणि नदीतले दगड हातोहात वर आले. त्या रांगेतच तोकिएला नाच सुचला. दगड घ्यायचा, पुढे द्यायचा, तुळई ओढायची, आणि मग उजवीकडून सावकाश गिरकी घेत कपाळाचा घाम पुसायचा. त्या गिरकीवर तिचा फार जीव.

केंद्राच्या उद्घाटनाला तीच तो नाचणार होती, पण ऐन तोंडावर तिचे सासरे गेले. सुतकातल्या घरानं आनंदाच्या कार्यात पाय ठेवायचा नसतो. तिनं स्वयंपाकघरातच घाईघाईनं यासुनोला नाच शिकवला आणि धाडून दिलं. आता नाचाची रीत अशी, की मधल्या लाकडी मनोऱ्यावरची बाई करेल तेच खाली गोल धरलेल्या गावानं करायचं. यासुनो वर चढली, गर्दी पाहून गांगरली, गिरकी साफ विसरली आणि दोन टाळ्या वाजवून मोकळी झाली. खाली अख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या. घराचं दार लावून बसलेल्या तोकिएला त्या ऐकू आल्या. लोकांना त्या इतक्या आवडल्या की तेव्हापासून दर ऑगस्टातल्या गावच्या नाचात टाळ्याच.

यंदा केंद्राचा नवा प्रमुख कुसाकाबे तिच्या दारात आला. "तोकिएसान, मूळ नाच तुमचा होता म्हणे. यासुनो सेन्सेईंनी सांगितलं. या वर्षी मनोऱ्यावर तुम्हीच चढा ना!"

"तिनं सांगितलं? का, गुडघे गेले वाटतं तिचे?"

"नाही हो, स्वतःहून म्हणाल्या."

हेच तर तिला झोंबलं. म्हणजे इथंही देणारी तीच!

तरी ती वर्गात गेली. बायका सवयीनं टाळ्या वाजवत राहिल्या. एक जण तर तोंडावर म्हणाली, "टाळ्यांशिवाय अळणी लागतं हो."

"गप गं! नाच तिचा आहे," यासुनोनं दटावलं. मग हळूच विचारलं, "गिरकी डावीकडून ना गं?"

"उजवीकडून. एवढंसुद्धा राहिलं नाही डोक्यात? आणि म्हणे सेन्सेई!"

यासुनो हसली. हसू दे, तोकिए मनात म्हणाली, मनोऱ्यावर मी असेन तेव्हा बघते तुझं हसू.

नाचाच्या दिवशी ऊन उतरता उतरता ती निळा सुती किमोनो नेसून मनोऱ्यावर चढली. ढोल सुरू झाला. दगड घेतला, दिला, तुळई ओढली. खालच्या गोलात तिनं यासुनोला शोधलं. बघ म्हणावं, आता बघ! आणि नेमक्या त्या क्षणी टाळ्या वाजल्या. साऱ्या मैदानानं वाजवल्या, आणि मनोऱ्यावर तिच्या स्वतःच्या हातांनीसुद्धा. इतकी वर्षं खालच्या गोलात धुमसत धुमसत तिनंही त्याच वाजवल्या होत्या.

गिरकी एकट्या यासुनोनं घेतली. उजवीकडून, सावकाश, कपाळावर रुमाल फिरवत. तशीच ती मागच्या मुरोई न्हाव्यावर जाऊन आदळली.

"अहो सेन्सेई, वर बघा, वर! टाळ्या आहेत, टाळ्या!" मुरोई ओरडला, आणि मैदान खो खो हसलं.

सगळ्या गावादेखत यासुनो चुकावी, हेच तर तोकिएनं आयुष्यभर मागितलं होतं. आता ते समोर होतं आणि तिला रडू येत होतं. वाईट याचं वाटलं की ती गिरकी सुंदर होती. आपल्याला ती इतकी सुंदर कधी जमलीच नसती, हे तिला लख्ख दिसलं, आणि मैत्रिणीचा इतका हेवा तिला उभ्या जन्मात वाटला नव्हता.

ढोल फिरून पहिल्या ठेक्यावर आला. खाली यासुनो पुन्हा दगड घ्यायला वाकली. तोकिएनं तिच्या पावलांवर नजर रोखली आणि मनोऱ्यावरून, तिचं बघून बघून, ती नाचू लागली.