भेगांना पाणी

माझे वडील बन्सीधर बोरीतले जुने गवंडी. स्लॅब टाकला की एकवीस दिवस पाणी मारा, असं ते प्रत्येक घरमालकाला बजावतात.

माझा भाऊ बजरंग त्यांच्याच हाताखाली काम करायचा. त्याला एक स्वप्न वरचेवर पडायचं: समुद्राचा तळ आणि तिथं श्वास घेणारं काहीतरी. आमच्या घरात समुद्र कुणीच पाहिलेला नाही. एप्रिलमध्ये त्यानं अंगणात सळया आणि जाळीचा सांगाडा उभा करून त्यावर सिमेंट चढवलं. पाच फूट उंच, पोकळ, भोकाभोकांचं. थापी न लावता, नुसत्या बोटांनी.

"हे काय हाय रे? वारूळ?" वडिलांनी विचारलं.

"अण्णा, ते श्वास घ्यायलंय."

"मग दमा झालाय त्याला. लय वाकडं हाय."

बजरंग हसला. "हसा तुमी. उद्यापासून पाणी मारा तेवढं."

त्याच संध्याकाळी जिंतूर रस्त्यावर ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं. पाच दिवस आम्ही सगळे परभणीच्या दवाखान्यात होतो. सहाव्या दिवशी त्याला घरी आणलं, ते अग्नी देण्यासाठी. अंगणातलं शिल्प बेचाळीस अंशांत कोरडं राहून तडकलं होतं.

तेव्हापासून वडील रोज दोन वेळा त्यावर पाणी मारतात. नळ आठवड्यातून एकदा येतो. ते स्वतःच्या आंघोळीचं पाणी वाचवतात. आई ते बादलीत भरून अंगणात ठेवते.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय. परवा, पंचेचाळिसाव्या दिवशी, त्यांनी मला हाक मारली.

"मंजू, बघ. भेगा बुजायल्यात."

खरंच, केसाएवढ्या भेगांत पांढरी रेघ भरली होती. कॅल्शियम कार्बोनेट. शिंपले आणि पोवळी त्याचीच बनतात. हे बजरंगला सांगायला हवं, असं क्षणभर वाटून गेलं.

"आन् ही?" त्यांनी मधल्या भेगेत नख घातलं.

मी मोजपट्टी आणली. चार मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरहून रुंद भेग आपोआप बुजत नाही.

"न्हाई अण्णा. ही न्हाई बुजायची. तुमी सिमेंट भरलं तर पाच मिनिटांचं काम हाय."

"त्याच्या बोटांवरून माझी थापी फिरवू?"

मी मोजपट्टी खाली ठेवली.

"त्यानं एवढंच सांगितलं होतं गं," ते म्हणाले आणि तांब्या बुडवला. पाणी त्यांनी आधी त्याच भेगेवर ओतलं. ते आत उतरलं आणि खालच्या भोकातून मातीत गेलं. त्यांनी पुन्हा तांब्या बुडवला.