दादांच्या पोटातून निघालेली गाठ

अतिदक्षता विभागाबाहेरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. इतर पेशंटांचे नातेवाईकही आमच्याभोवती जमले होते. मधल्या बाकावर दादा शर्ट वर करून आडवे झालेले, आणि बर्फाच्या थर्मासमधला कापूस त्यांच्या पोटावर दाबत त्यांनीच बोलावलेले महाराज बसलेले.

"निघ! निघ म्हणतो ना!" महाराज गरजले आणि कापसातून एक लालभडक, थुलथुलीत गाठ काढून त्यांनी वाटीत टाकली. हॉलभर हात जोडले गेले. दादांच्या पोटावर ओरखडासुद्धा नव्हता, ही कृपा वेगळी.

दादा ठणठणीत होते. आजारी होते त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे भाऊजी. दोन दिवसांपूर्वी त्यांचं यकृत बदललं होतं आणि त्या सकाळी नव्या यकृताच्या रक्तवाहिनीत गुठळी सापडली होती. "पोट आत्ताच परत उघडायला हवं, नाहीतर यकृत जाईल," असं सर्जनबाई सांगून गेल्या. संमतीची सही दादांची हवी होती; ते म्हणाले, "जरा थांबा." महाराजांना आत सोडेनात, म्हणून त्यांनी गुठळी दादांच्याच पोटातून काढली. सख्ख्या भावांचं रक्त एकच, हे त्यांचं शास्त्र. मी तोंड उघडलं, तर दादा म्हणाले, "तू मुलीकडचा, मध्ये पडू नकोस."

मग मी वरच्या वॉर्डातून माझ्या बहिणीला, भाऊजींच्या बायकोला, ताईला आणलं. "तिला त्रास नको" म्हणून तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ती व्हीलचेअरवर होती, पोटाला टाके, हातात कोमट पाण्याचा पेला.

"दादा, ते यकृत माझं आहे," ती म्हणाली. "माझ्यातलं कापून ह्यांना बसवलंय. मग गुठळी तुमच्या पोटात कशी आली?"

महाराजांनी डोळे मिटले. "शंका घेतली की सिद्धी जाते, ताई."

"ती वाटी द्या इकडे." तिने गाठ पेल्यात टाकून ढवळली. गाठ विरघळली, पाणी लाल झालं आणि रासबेरीचा वास सुटला.

"जेली आहे. कोमट पाण्यात टिकत नाही, म्हणून बर्फातल्या कापसात लपवलेली. खरी गुठळी अशी असती, तर अंगातल्या उबेनेच गेली असती."

महाराज थर्मास उचलून हात धुवायला गेले, ते गेलेच.

ताईला रडू फुटलं. "दादा, माझा माणूस घालवू नका हो." दादा शर्ट खाली ओढत सही करायला सर्जनबाईंच्या खोलीकडे धावले.

पोट परत उघडून गुठळी काढली, यकृताचा रक्तपुरवठा पुन्हा सुरू झाला. आणखी उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं, असं सर्जनबाईंनी स्पष्ट सांगितलं.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. चमत्कार हवा तर पाहा, पण आजार एकाला आणि गाठ दुसऱ्याच्या पोटातून कशी, एवढं तरी विचारा. आणि डॉक्टर "आत्ता" म्हणाले, की आधी पेशंटला आत जाऊ द्या. विचारल्यानं कुणाची भक्ती बाटत नाही. आमच्याकडे कुणी विचारलं नसतं, तर माझी ताई विधवा झाली असती.